तळचं कुणासाठी

९ डिसेंबर, दुपार

ठकू,

आशीर्वाद मागून देते, आधी बोलणी खा. फोटो पाठवायचा तर नीट पाठवावा की नाही माणसानं? नातीचं अर्धं तोंड दुपट्यात, आणि उरलेल्या अर्ध्यावर तुझ्या नवऱ्याचं बोट. तरी काय गं ते नाक! मटाराच्या दाण्याएवढं. आणि हनुवटी बघितलीस का? रागावल्यासारखी पुढे आलेली. ती कुणाची ते मी सांगत नाही, तू पत्र फाडशील. फोटो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलाय. त्यामुळे साखर घालताना लक्ष भलतीकडेच जातं आणि चहाचा पाक होतो. होऊ दे. आजी झाले मी. आता चहा गोड झाला म्हणून कोण रडणार?

पत्र लिहितेय कारण फोनवर तू "हं", "बरं" आणि "ठेवते" यांच्या पुढे जात नाहीस. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच "ठेवते" म्हणता येत नाही. जोडाक्षरं चुकली तर हसू नकोस. तूच शिकवलीस. शाळेतून आलीस की मला पाटी घेऊन बसवायचीस आणि छडी नाही म्हणून माझीच पळी माझ्यावर उगारायचीस.

आता मुख्य बातमी. माझा डावा हात मोडलाय. घाबरू नकोस, मनगट आहे, प्लास्टर घातलंय. मागच्या पायरीवरून कोबी घेऊन उतरत होते, पाय घसरला. कोबीला सांभाळायला गेले आणि हात गेला. कोबीला खरचटलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाला, "आजी, टाकून द्यायचा ना कोबी." म्हटलं, "ताजा होता."

तर मी खुर्चीत आणि स्वयंपाकघर तुझ्या बाबांच्या हातात. यापुढचं बसून वाच.

काल मी सांगितलं, थंडी आहे, बाजारात गाजरं, सलगम, कोबी, मटार सगळं ताजं आलंय, आपलं नेहमीचं सूप करू, मी सांगते तसं तुम्ही करा. साधं आहे. आंधळ्यालाही जमेल. पण सुताराला जमत नाही! पहिलं गाजर हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "हे सरळ नाही." अहो, गाजर आहे, दाराची चौकट नाही! उठले, कामाच्या खोलीत गेले आणि गुण्या घेऊन आले. गुण्या! गाजराचा तुकडा कापायचा, गुण्या लावून कोन बघायचा, एक सूत इकडे-तिकडे झालं की तुकडा बाजूला. बाजूला काढलेल्यांचा ढीग पातेल्यातल्यापेक्षा मोठा. मी म्हटलं, "अहो, पोटात गेल्यावर कोन कोण मोजतंय?" तर म्हणतात, "सगळे सारखे असले की सारखे शिजतात." हे मात्र खरं निघालं, म्हणून मला जास्तच राग आला.

तू लिहिलंस की जानेवारीत जावयाचं इकडे काम आहे, तुम्ही लॉजवर उतरणार, आणि मी तिथे येऊन नातीला बघून जावं. ठकू, या हातानं मला बसमध्ये चढायची सक्त मनाई आहे. म्हणजे आजी घरात, नात त्याच गावात लॉजवर, आणि मध्ये तुमचं बापलेकीचं भांडण. एका आजीनं दुसरं काय मागावं? एकदा मांडीवर घ्यायचंय तिला, बस. या एका भांडणाचं सूप कधी वाजणार, सांगशील का?

चिमुरडीला पापा. तिच्या बापाला सांग, फोटो काढताना बोट खिशात ठेवायचं.

आई


१७ डिसेंबर

ठकू,

तुझं पत्र आलं. शेजारची शिवणकाम करणारी वहिनी आणून देते, आणि दारातच उभी राहते, मी वाचून सांगेन म्हणून. यावेळी तिला काय सांगू? लेकीनं जुनंच उगाळलंय आणि तेही लाल शाईनं?

"ज्या घरात मला वरचं वाढलं, त्या घरात मी पाय ठेवणार नाही." असं लिहिलंस. वहिनीला त्यातलं काही कळलं नाही. "वरचं म्हणजे काय हो?" तिला सांगावं लागलं. माझ्या सासूबाईंची शिस्त होती ती. पाहुणा आला की सुपाचं वरचं वाढायचं, चकचकीत, पातळ, काचेच्या भांड्यात. आणि घरच्यांना तळचं. तळाशी बटाटा विरघळलेला असतो, बार्ली फुललेली असते, चमचा उभा राहतो. सासूबाई म्हणायच्या, "पाहुण्याला दिसायला द्यावं, घरच्याला खायला द्यावं." माझं लग्न झालं तेव्हा किती तरी दिवस मला वरचंच मिळायचं. ज्या दिवशी त्यांनी पळी तळापर्यंत घातली आणि माझ्या वाडग्यात ओतली, त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले होते. त्यामुळे तुझं दुःख मला कळत नाही असं समजू नकोस.

वहिनी म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "तुला एवढंच वाटतं कारण तुमच्याकडे सगळं मिक्सरमधून काढतात."

तो दिवस मलाही पाठ आहे. लग्नानंतर तू नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा घरी येणार होतीस. आणि माझी अक्कलदाढ आदल्या दिवशी काढलेली! गाल टम्म, तोंडात कापूस, वरून सर्दी, नाक बंद. सूप मी चढवलं, बाबांच्या हातात पळी दिली, खुणेनं सांगितलं, ढवळत राहा, आणि आत जाऊन पडले. तुमचा आवाज ऐकून बाहेर आले तर सगळं बिघडायला लागलेलं. एवढ्या थंडीत घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. पातेलं टेबलावर नाही, सूप काचेच्या मोठ्या भांड्यात. तुला वरचं, जावयाला वरचं. बाबा आमच्याबरोबर बसलेही नाहीत, स्वतःचं वाडगं घेऊन आत उभ्यानं जेवले. तू हसत हसत म्हणालीस, "बाबा, मला तळचं." आणि ते आतून म्हणाले, "तळचं तुझ्यासाठी नाही."

मग तू चमचा ठेवलास. पिशवी उचललीस. मी "अगं थांब" म्हटलं, पण कापसातून ते "अं आं" असं निघालं आणि तुला वाटलं मी रडतेय. सगळ्या जन्मात एकच दिवस माझं तोंड बंद होतं, आणि तोच दिवस तुम्ही भांडायला निवडलात.

मला माहीत आहे, तुझ्या मनात आधीपासूनच होतं. जावई तयार फर्निचर विकतो. भुसा दाबून केलेल्या फळ्या, खोक्यात घालून, चार स्क्रूंच्या पुडीसकट. सुताराच्या घरात असा जावई म्हणजे हलवायाच्या घरात मधुमेह. लग्नाआधी बाबा म्हणाले होते, "भुशाला पॉलिश केलं म्हणून त्याचं लाकूड होत नाही." ते चुकलंच. पण त्यांनी तुला परकी केली, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. मग तसं बोलले का, ते मात्र मलाही सांगता येत नाही. विचारलं की रंधा घेऊन कामाच्या खोलीत जातात. रंध्याच्या आवाजाशी कोण भांडणार?

सूप आजही केलं. आज सलगमाची पाळी होती. सालं इतकी पातळ काढली की त्यातून पेपर वाचता येईल. बाजारातली गाजरं संपायच्या आत माझं प्लास्टर निघू दे, एवढीच इच्छा.

आई


२० डिसेंबर, सकाळ

ठकू, ठकू, ठकू!

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. चहा गॅसवर आहे, उतू गेला तर जाऊ दे. तुला आधी सांगायचं की आधी रागवायचं तेच कळत नाहीये. आणि रागवायचं कुणाला? दोघांनाही. रांगेत उभं करून.

काल संध्याकाळी सूप चढवलं होतं. तुला नीट सांगते, म्हणजे तुला कळेल मी रचलेलं नाही. आधी लोण्यावर कांदा-लसूण परतायला लावला. मग कडक भाज्या, गाजर, सलगम, बटाटा, सगळे सुताराच्या मापाचे. मग पाणी, मूठभर बार्ली. त्यांनी विचारलं, "मूठ कुणाची?" म्हटलं, "माझी. तुमच्या मुठीत पोतं मावतं." कोबी आणि मटार शेवटी घालायचे, नाहीतर रंग जातो. मीठ-मिरी अगदी शेवटी. बारीक गॅस केला आणि म्हटलं, "आता बसा जरा, आपोआप शिजेल."

बसेनात. पळी घेऊन उभेच, गोल गोल, गोल गोल, जणू होडी वल्हवतायत.

मी म्हटलं, "अहो, ठेवा ती पळी. खांदा भरून येईल."

"नको. बार्ली तळाशी बसते. बसली की लागते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिसतंय की."

"तळ कुणाला दिसतो? मला इतकी वर्षं झाली स्वयंपाक करून, मला दिसत नाही, तुम्हाला बरा दिसला."

पळी फिरतेय. मग पातेल्यालाच सांगितल्यासारखं हळूच म्हणाले, "एकदा लागलं होतं."

"कधी?"

"होतं कधीतरी."

"कधीतरी म्हणजे? माझ्या घरात माझं पातेलं लागलं आणि मला पत्ता नाही?"

तर म्हणतात, "तुझ्या तोंडात कापूस होता."

ठकू, मी खुर्चीतून उठले. प्लास्टर टेबलावर आपटलं, कळ डोक्यात गेली, तरी उठले. म्हटलं, "काय म्हणालात?"

मग एकेक शब्द असा काढला, गंजलेला खिळा उपटावा तसा. तळ पार करपला होता. काळा. म्हणून वरचं वरचं काढून काचेच्या भांड्यात ओतलं. धूर जावा म्हणून खिडक्या उघडल्या. पातेलं लपवलं. तुला आणि जावयाला चांगलं तेवढं वाढलं आणि स्वतः आत उभं राहून ते करपलेलं खाल्लं. आणि तू तळचं मागितलंस, तर बोलून गेले, तुझ्यासाठी नाही. अगं, करपलेलं कुणी लेकीला वाढतं का?

आणि मला लख्ख आठवलं. त्या रात्री तुझ्या बाबांनी लग्नानंतर पहिल्यांदा पातेलं घासलं होतं. मागच्या पायरीवर बसून, कामाच्या खोलीतला पॉलिशपेपर लावून! मला वाटलं होतं, लेक गेली त्याचं दुःख घासतायत. दुःख कसलं? कोळसा घासत होते!

मी म्हटलं, "मी ढवळायला सांगितलं होतं ना?"

"ढवळत होतो."

"मग?"

"मध्येच बाहेरच्या खोलीत गेलो होतो. खिडकीशी."

"कशाला?"

"बस आली का बघायला."

"एक बस बघायला इतका वेळ?"

"एक कुठे? चार आल्या. ती चौथीत होती."

आता आई म्हणून सांगते, ही चौथी बस वाचून तू रडली नसशील तर तू माझी लेक नाहीस.

रडून झालं असेल तर आता चिडायला ये माझ्याबरोबर. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" तर म्हणतात, "काय सांगू? करपवलं म्हणून? त्या भुशाच्या फळीवाल्यासमोर? त्याच्या मालाला मी नावं ठेवणार आणि माझ्यानं एक पातेलं सांभाळवत नाही!" म्हटलं, "बरं, तेव्हा नाही. नंतर?" त्यावर ती हनुवटी पुढे आली. तीच, फोटोतली. "तिनं विचारलं का? एकदा तरी विचारलं, बाबा, असं का म्हणालात? बाप आपल्याला परका करतो असं जिला खुशाल वाटतं, तिला मी पातेल्याचे हिशेब देऊ?"

मी हात टेकले. एक हात. दुसरा प्लास्टरमध्ये आहे.

ये गं आता घरी. लगेच लिही. चहा उतू गेला.

आई


२ जानेवारी

ठकू,

पोस्टातून वहिनी पळत आली पत्र घेऊन. मी चष्मा पुसला, खुर्ची उजेडात ओढली, म्हटलं, आता लेक लिहिते, "आई, येते." आणि आत काय? पहिलीच ओळ. "आई, हे तू रचलंस."

तुझ्या डोक्यात नारळ फोडावा असं वाटतंय.

मी रचलं? चौथी बस मला रचता येईल? मी रचलं असतं तर पहिल्याच बसनं तुला आणलं नसतं का? मला असल्या बारीक गोष्टी सुचत असत्या तर मी खुर्चीत बसून गाजरं मोजली नसती, रेडिओवर गेले असते.

आणि ती बिस्किटं मध्ये आणू नकोस. हो, तू लहान असताना बिस्किटं मी आणायचे आणि "बाबांनी आणली" म्हणून द्यायचे. तू ओळखलं होतंस ना? मग खाल्लीस कशाला मिटक्या मारत? ते वेगळं. तेव्हा माणसाला प्रेम होतं आणि वेळ नव्हता, म्हणून मी त्यांच्या वतीनं बिस्किटं दिली. ही करपलेली बार्ली त्यांची स्वतःची आहे.

तुझं म्हणणं, बाबांनी स्वतः सांगावं. मी गेले कामाच्या खोलीत. म्हटलं, "फोन लावते, तुम्ही फक्त एवढं म्हणा, करपलं होतं. दोन शब्द." म्हणाले, "तिला विचारू दे, मी सांगेन." म्हटलं, "ती म्हणते आधी तुम्ही सांगा." "मग राहू दे." आणि रंधा सुरू. खर्र, खर्र, खर्र.

म्हणजे तू विचारणार नाहीस कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि ते सांगणार नाहीत कारण तू विचारलं नाहीस. अगं, एकाच ओंडक्याच्या दोन फळ्या आहात तुम्ही! नसांच्या रेषासुद्धा जुळतात. आणि मध्ये मी, खिळ्यासारखी, दोन्हीकडून हातोडा खाते. तिकडे ती बिचारी मटाराच्या नाकाची, तिला आजी आहे हे तिला माहीतच नाही. तिचं काय चुकलं? तिनं कुणाचं पातेलं करपवलं?

आजचं सूप चांगलं झालं होतं. मी रागानं जास्त खाल्लं.

आई


११ जानेवारी

ठकू,

जावयाचा फोन आला होता. तुझ्याशी बोलून मगच केला असेल, तुला न विचारता करायची धमक त्याच्यात नाही, ते मला माहीत आहे. म्हणाला, "आई, अठराला दुपारी येतो. ती म्हणते, पाहुणी म्हणून येईन. अर्धा तास. बाळाला दाखवून निघू. वरचं वाढलं तरी चालेल म्हणते." चालेल म्हणते! टोमणाही नवऱ्याच्या हातून पाठवते. मी म्हटलं, "पाहुणी तर पाहुणी. बाळ माझ्या मांडीवर ठेव आणि मग तू हवी तितकी पाहुणी हो."

बाबांना सांगितलं. "येऊ दे," म्हणाले. एवढंच. वाटलं, आता दगडावर डोकं आपटावं.

पण दुपारी टेबल पुसायला गेले तर टेबल नाही! कामाच्या खोलीत उलटं पालटं पडलेलं आणि हे त्याचे चारही कोपरे रंध्यानं गोल करतायत. त्यांनीच आमच्या लग्नाच्या वर्षी केलेलं टेबल, ज्याच्या कोपऱ्याला गुण्या लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. म्हटलं, "अहो, हे काय?"

"बाळाच्या डोक्याला लागतात कोपरे."

"ती अजून बसत नाही! मान धरते फक्त!"

"धरेल मान, मग बसेल, मग चालेल. तेव्हा काय ऐनवेळी घासत बसू?"

आता तूच सांग, अर्ध्या तासाच्या पाहुणीसाठी कुणी टेबल घासतं का? आज जमिनीवर बसून जेवलो. माझे गुडघे अजून कुरकुरतायत.

अठराला सूप आहे. येताना बाळाला लोकरीची टोपी घाल, कान झाकतील अशी. तुला सवय आहे कान उघडे ठेवायची.

आई


२० जानेवारी, दुपार

ठकू,

बाळाचा एक मोजा इथे राहिला. सोफ्याखाली होता. देणार नाही.

परवा तू अर्ध्या तासासाठी आलीस आणि काल संध्याकाळी गेलीस, तुझं घड्याळ बघून घे एकदा. मांडी अजून गरम आहे माझी. वहिनीला इतक्यांदा सांगितलं की ती आता मला बघून शिवणयंत्राचा आवाज वाढवते. काय गं ती बाळाची पकड! माझं बोट धरलं ते सोडेच ना. आणि झोपेत ओठ कसे हलवत होती, जणू कुणाला तरी बोल लावतेय. आजीवर गेली आहे, लिहून ठेव.

तू जे पाहिलंस ते पुन्हा सांगत नाही, पण मला आठवायची हौस आहे म्हणून सांगते. तू बसमधून उतरलीस तेव्हा बाबा खिडकीत होते, हे तू रस्त्यावरूनच पाहिलंस. ते धावत आत आले, तोपर्यंत स्वयंपाकघरात धूर. पुन्हा त्याच खिडक्या फटाफट उघडल्या. तू दारात येऊन उभी राहिलीस, बाळ कडेवर, तोंडावर अगदी पाहुणीचं हसू, आणि नाक वर करून म्हणालीस, "कसला वास येतोय?"

बाबा पळी हातात घेऊन उभे. पळीवरून काळं ठिबकतंय. मला वाटलं आता रंध्याकडे पळणार. पण तुझ्या कडेवर ती हनुवटी होती ना. तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "करपलं."

"काय?"

"तळचं. बस बघत होतो."

तू पळीकडे बघितलंस, मग उघड्या खिडक्यांकडे. माझा जीव इकडे टांगणीला. मग म्हणालीस, "त्या वेळीसुद्धा?"

"त्या वेळीसुद्धा."

आणि तू बाळ माझ्या मांडीवर ठेवलंस, टेबलाशी बसलीस, वाडगं पुढे केलंस आणि म्हणालीस, "वाढा मग."

"अगं, खाता येणार नाही."

"तळचं वाढा, बाबा."

पातेलं टेबलावर आलं, काळं-बेंद्रं, जसं होतं तसं. एक चमचा तोंडात घातलास आणि तुझं तोंड असं झालं जसं कारल्यानं लिंबाशी लग्न केलंय. "बाबा, घाण झालंय!" "सांगत होतो ना!" आणि मग तुम्ही दोघं हसायला लागलात ते थांबेचनात, डोळे पुसताय आणि हसताय. जावयानंही वाडगं पुढे केलं, म्हणाला, "मलाही तळचं." बाबांनी वाढलं. जरा जास्तच वाढलं. त्यानं खाऊन वर "बरं लागतंय" म्हटलं. खोटारडा. पण घरचा खोटारडा. संध्याकाळी बाबा त्याला कामाच्या खोलीत घेऊन गेले आणि खऱ्या लाकडाचा वास घ्यायला लावला, हे त्यानं तुला सांगितलं का?

आता तू जे पाहिलं नाहीस ते सांगते. वाचून झालं की हा कागद चुलीत घाल, तुझ्याकडे चूल नसेल तर गॅसवर जाळ.

बाबा खिडकीशी गेले तेव्हा मी कुठे होते? स्वयंपाकघरात, खुर्चीत, पातेल्यापासून हाताच्या अंतरावर. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, पण उजवा धडधाकट आहे, त्याच हातानं हे लिहितेय. पळी ओट्यावर होती. आणि नाक यावेळी अजिबात चोंदलेलं नव्हतं. पहिला बारीक वास आला, दूध तळाला लागावं तसा, तेव्हा अजून बस यायचीच होती. एक हाक मारली असती, "अहो, लागतंय!", तर पातेलं वाचलं असतं. तळचं छान झालं असतं. तू अर्धा तास वरचं खाऊन, "छान झालंय" म्हणून, पाहुणीसारखी निघून गेली असतीस.

तोंडात कापूस नव्हता गं. तरी गप्प बसले. मला किती जड गेलं ते तुलाच कळेल.

आता मागच्या पायरीवर बसलेत, पॉलिशपेपर घेऊन, पातेलं घासतायत. मघाशी मान वर करून विचारलं, "पण तू तर तिथंच बसली होतीस. तुला वास कसा आला नाही?"

म्हटलं, "म्हातारी झाले."

तुझी आई
(मोज्याकडून चिमुरडीला पापा)